टिकली कुठे लावायची?

रात्री साडेनऊला शाळेच्या पालक-ग्रुपवर मेसेज येतो. ‘उद्या प्रत्येक मुलाने एक सजवलेली पणती आणायची आहे. सर्वांत सुंदर पणतीला बक्षीस.’ मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टेशनरीचं दुकान आहे, ते त्या रात्री अकरापर्यंत उघडं असतं. शाळेचं वेळापत्रक दुकानदाराला आमच्या आधी कसं कळतं कोण जाणे, पण त्याच्याकडे पाकिटं भरून तयार असतात: चार कोऱ्या पणत्या, रंगाच्या तीन डब्या, टिकल्यांची पुडी, सोनेरी लेस, मागे गोंद लावलेले कुंदन. हेच पाकीट गोकुळाष्टमीला मडक्यासकट मिळतं, राखीपौर्णिमेला दोऱ्यासकट आणि ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’च्या आठवड्यात आइस्क्रीमच्या काड्यांसकट. या काड्यांनी जन्मात कुल्फी पाहिलेली नसते. टाकाऊ म्हणून नवीकोरी वस्तू विकत घ्यायची, आणि तीही घासाघीस करून!

दहा वाजता मूल लेस कापायला बसतं, साडेदहाला पेंगतं, अकराला आई उरलेली पणती पुरी करते. मीही केल्या आहेत. एकीला बक्षीससुद्धा मिळालं. मुलाने ते घरी आणून माझ्या हातात ठेवलं. त्याचा हिशेब चोख होता.

माझा व्यवसाय पॅकेजिंग डिझाइनचा. खोकी, डबे, लेबलं, मिठाईच्या दुकानांच्या पिशव्या. शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना डिझाइन शिकवते. शिकवते म्हणजे कात्री, सुतळी, पुठ्ठा पुढे टाकते आणि भांडणं सोडवते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी मुलांना सांगितलं, शाळेत केलेल्या पणत्या घेऊन या. चौदा पणत्या आल्या. एकीवर मोर होता, एकीवर चक्क तिरंगा. मी पिशवीतून तेलाची बाटली आणि वाती काढल्या तशी एक मुलगी घाबरीघुबरी होऊन म्हणाली, “ताई, ही लावायची नाहीये. ही सजवलेली आहे.”

तिचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. पणती सजवली, म्हणून ती पेटवायची नाही. माझा लेख खरं तर या एका वाक्यावरच आहे.

आम्ही त्या पेटवल्या. हॉलच्या बाहेर, पाण्याची बादली शेजारी ठेवून. काठावरच्या लेसने पहिल्या पाच मिनिटांत धुमसायला सुरुवात केली, ती विझवली. कुंदन तेलाने ओघळून खाली आले. आतून रंगवलेल्या पणत्यांतून असा वास सुटला की पहिल्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली. दोन पणत्यांच्या बुडाला गोंदाचे गोळे साचले होते, त्या डुगडुगत होत्या. शेवटपर्यंत नीट जळली ती एकच. ती आणणाऱ्या मुलाने आळस करून बाहेरून खालच्या बाजूला फक्त एक निळा पट्टा ओढला होता, आणि शाळेत त्याला शेरा मिळाला होता: ‘मेहनत कमी’.

मग मुलंच बघायला लागली. एकाच्या लक्षात आलं की पणती पेटली की बाहेरची बाजू अंधारात जाते. उजेड पडतो तो आतल्या भिंतीवर आणि काठावर. म्हणजे ज्या बाजूला सगळ्यांनी मोर, कुयऱ्या, टिकल्या लावल्या, ती बाजू पणतीचं काम सुरू झालं की दिसतच नाही. मग सजवायचं कुठे? काठाला. पण काठावर तर तेल येतं, आच येते, तिथे काही चिकटणार नाही. मग चिकटवायचंच नाही, काठालाच चिमटे काढायचे. ओल्या मातीच्या पणतीच्या काठाला बोटांनी सात-आठ चिमटे काढले की भोवती जमिनीवर सावलीची पाकळ्यापाकळ्यांची रांगोळी पडते. इथपर्यंत पोचायला त्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांना पाऊण तास लागला. मी मध्ये फक्त दोनदा बोलले, त्यातलं एकदा ‘बादली सांडू नका’ म्हणून.

माझं म्हणणं असं की डिझाइन शिकणाऱ्या मुलाला सजावट शिकवलीच पाहिजे. पण ती आज शाळेत शिकवतात तशी नव्हे, आणि डिझाइनवाले तिला नाक मुरडतात तसं नाक मुरडूनही नव्हे.

डिझाइनवाल्यांचं आधी सांगते, कारण ती आमची जात. आमच्या शिक्षणात पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं जातं: डिझाइन म्हणजे सजावट नव्हे, डिझाइन म्हणजे प्रश्न सोडवणं. हे घोकावं लागतं त्याला कारण आहे. मराठीत डिझाइन म्हणजे नक्षीच. साडीचं डिझाइन, मेंदीचं डिझाइन, बांगडीचं डिझाइन. माझे एक गिऱ्हाईक खोक्याचा अगदी साधा, दोन रंगांतला नमुना पाहून म्हणाले होते, “मॅडम, छान आहे, आता यावर जरा डिझाइन टाका.” त्या दिवशी मला राग आला होता. आता वाटतं, ते पूर्ण चुकीचं बोलत नव्हते. आपल्याकडे वस्तू करणं आणि ती नटवणं हे वेगळ्या खोल्यांत कधी चाललंच नव्हतं, म्हणून एकच शब्द दोन्हींना पुरला.

गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवतात. तो धावदोरा नक्षी आहे की शिवण? दोन्ही. तो काढला तर नक्षीही गेली आणि गोधडीही गेली. हातात नुसती जुन्या कपड्यांची चळत उरेल. तांबटाच्या घागरीवर ठोक्यांच्या ओळी दिसतात, ते मठारकाम. ठोके बसतात तसा पत्रा घट्ट होतो, आणि त्या प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा चमकतो म्हणून घागर देखणी दिसते. कुंभार चाकावर मडकं फिरत असताना गळ्याखाली बोटाने दोन-तीन रेघा ओढतो. एक रेघ ओढायला चाकाचे दोन फेरे पुरतात, आणि तिथे ओला हातही जरा धरून राहतो. हे सगळे अलंकार वस्तू होता होता तिच्या अंगावर आलेले आहेत. पाकिटातल्या लेसला हे साधत नाही, कारण ती येते तेव्हा वस्तूचं सगळं होऊन गेलेलं असतं.

‘सजावट नकोच, साधेपणा हवा’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक जागा दाखवते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मुलुंडहून फास्ट गाडीने गेलं की पाऊण-एक तासात पोचतो, आणि रोज लाखो माणसं मान वर न करता त्याखालून जातात. १८७८ साली ते बांधायला घेतलं, दहा वर्षं काम चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. पण खांबांवरची पानं, कमानींवरचे मोर, माकडं, कोरीव जाळ्या यांच्या कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात होते. विद्यार्थ्यांचे! युनेस्कोने २००४ साली जागतिक वारसा म्हणून जी इमारत गौरवली, तिची सजावट त्या काळच्या शिकाऊ पोरांनी केलेली आहे. आणि ती सजावट कुठे आहे ते बघा. जिथे खांब संपून कमान सुरू होते तिथे पानांचा गुच्छ, जिथे भिंत संपून आकाश सुरू होतं तिथे प्राणी. गार्गॉयल म्हणून जी चमत्कारिक तोंडं असल्या इमारतींना असतात, ती मुळात छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायच्या पन्हळी. मुंबईच्या पावसात पन्हळीला तोंड कोरण्याइतका रास्त खर्च दुसरा कुठला असेल मला माहीत नाही.

जे. जे. १८५७ साली सुरू झालं. १८६५मध्ये तिथे शिकवायला आलेले लॉकवूड किपलिंग यांनी क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरचे उठाव घडवले. त्यात शेतकरी आहेत. भाजीबाजाराच्या दारावर भाजी पिकवणारा माणूस. इतकं सरळ. सजावटीने वस्तूशी नातं सांगावं, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे. पण पेनस्टँडवर ताजमहाल चिकटवून आणणाऱ्या सहावीतल्या मुलाला ती कुणी सांगितलेली नसते.

आता शाळा. कार्यानुभवाच्या आणि चित्रकलेच्या तासाला काय होतं त्यावर टीका करणं सोपं आहे, आणि मी ती करणारच आहे, पण आधी तो तास घेणाऱ्या बाईंची बाजू. वर्गात पन्नास-साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं आधीच्या तासाच्या शिक्षकांनी खाल्लेली. बेसिन एकच, तेही मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. अशा ठिकाणी ओली माती आणा म्हणणं म्हणजे शिपाईमामांशी कायमचं वैर. कात्री दिली तर कुणाची तरी वेणी जाणार. मग तयार वस्तू आणायला सांगायची आणि तिच्यावर रंग-टिकल्या लावून घ्यायच्या, हा मार्ग कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल. शिवाय वर्षअखेरीला प्रदर्शन. पालक येणार, ट्रस्टी येणार, भिंती भरलेल्या दिसायला हव्यात. चमकी दहा फुटांवरून दिसते. चिमटा काढलेला काठ दिसत नाही.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट खटकते. आपण मुलांना नकळत शिकवतो की मोकळी जागा म्हणजे कमी मेहनत. ज्याने कमी लावलं त्याला कमी गुण. पुढे हीच मुलं मोठी होऊन खोक्यावर ‘जरा डिझाइन टाका’ म्हणतात, दुकानाची पाटी अशी करतात की नाव वाचता येत नाही, लग्नपत्रिकेवर इतके गणपती घालतात की कार्यालयाचा पत्ता शोधावा लागतो. कुठे थांबायचं, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. माझ्या पिढीने दिल्या, माझ्या मुलाने दिल्या. त्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, भूमिती-अक्षरलेखन असतं आणि संकल्पचित्र असतं. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, त्यामुळे घराघरांत अचानक कलेविषयी आस्था निर्माण होते. संकल्पचित्राच्या तयारीत मुलं काय करतात? चौकोन किंवा वर्तुळ आखायचं, त्यात पानं-फुलं-पक्षी भरायचे, रंगसंगती सांभाळायची. सरावासाठी हे वाईट नाही. तोल, लय, पुनरावृत्ती यातून हाताला कळते, मला कळली. पण तो चौकोन कशाचा आहे ते मूल विचारत नाही. उशीच्या अभ्र्याचा, तर मधोमध डोकं टेकणार, तिथलं फूल बोचेल की नाही? फरशीचा, तर चार फरशा शेजारी बसल्यावर काय दिसेल? ताटाचा, तर आमटी वाढल्यावर नक्षीचं काय? प्रश्नपत्रिकेत एवढी एक ओळ वाढली, ‘ही वस्तू कोण, कशी वापरणार’, तर त्याच कागदावर, त्याच वेळात, त्याच रंगांत मुलं निराळा विचार करतील. खर्च शून्य.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना घालवायला सांगितलं आहे, आणि ते कुणासोबत, तर स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्यासोबत. कागदावर ‘कुंभार’ हा शब्द आहे, हे वाचून मी खूश झाले होते. मुंबईत कुंभार शोधायला लांब जायला नको. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या माती घडवत आहेत; दिवाळीआधी तिथल्या गल्ल्या पणत्यांच्या राशींनी भरतात. पण माझ्या ओळखीच्या एका शाळेने या दहा दिवसांपैकी एक दिवस कसा साजरा केला? कुंभारवाड्यातून दीडशे पणत्या मागवल्या आणि मुलांनी त्या रंगवल्या. कुंभार आलाच नाही. त्याची पणती आली, तीही ‘प्लेन’ म्हणून.

हा ‘प्लेन’ शब्द मला फार लागतो. कुंभाराच्या दृष्टीने ती पणती पुरी झालेली आहे. तिला चोच आहे, बूड बसकं आहे, काठाची जाडी भट्टीत तडकू नये इतकी आहे. आपण तिला कोरा कागद समजतो. बुरुडाच्या सुपाचंही तेच. सूप म्हणजे पाखडायची वस्तू. मागे उंच, पुढे सपाट. बांबूच्या पट्ट्यांची वीण इतकी घट्ट की दाणा राहतो आणि पाखडताना भुसा वाऱ्यावर पुढे जातो. जुन्या बायका मेथी भिजवून वाटायच्या, कागदाच्या लगद्यात कालवायच्या आणि सूप सारवायच्या, म्हणजे फटी बुजायच्या. आता दादरच्या दुकानांत सूप मिळतं ते लाल रंगवून, त्यावर पांढरी वारली चित्रं काढून, मागे खिळ्याला अडकवायची कडी लावून. भिंतीवर सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू, माझ्या बहिणीच्या घरी आहे. पण डिझाइन शिकणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा सूप द्यायचं ते ब्रशबरोबर नको, मूठभर तांदळांबरोबर द्यावं. पाखडून झाल्यावर त्याला विचारावं, यावर कुठे काही काढायची इच्छा आहे का. बहुतेक मुलं म्हणतात, मागच्या उभ्या कडेवर. तिथे हात धरतो, तिथे दाणा घासत नाही. एक मुलगी म्हणाली, कुठेच नको. तिला पूर्ण गुण.

आणि वारली. मुंबईत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढता येतो, डोक्याला गोल, हातापायांना काड्या. मग तो माणूस पेनस्टँडवर नाचतो, पिशवीवर नाचतो, मोबाइलच्या कव्हरवर नाचतो. हे चित्र मूळ कुठलं? लग्नाच्या घरात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवासिणींनी काढलेल्या चौकाचं. त्या चौकात पालघट देवी असते. ज्यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली त्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या हद्दीत, आरेत आणि राष्ट्रीय उद्यानात, आजही वारली पाडे आहेत. पेनस्टँडवर वारली काढणाऱ्या मुलांपैकी कितीजण एकदा तरी तिथल्या कुणाशी बोलले असतील? मी वारली शिकवू नका म्हणत नाही. पण वर्षभर प्रत्येक वस्तूला तीच नक्षी लावली की मूल एवढंच शिकतं की नक्षी दुकानात मिळते, कुठेही डकवता येते.

सामानाबद्दल एक शब्द, कारण पालक तिथेच अडतात. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. गणपतीची मखरं बदलली, हे चांगलं झालं. शाळेच्या क्राफ्टमध्ये त्याची जागा लगोलग फोमशीटने घेतली, आणि चमकी होतीच. ती चमकी म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे. हात धुतले की नाल्यात, नाल्यातून खाडीत. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री ऑक्टोबर २०२३पासून थांबवली. आपल्याकडे ती आठ रुपयांच्या पुडीत बालवाडीच्या दारापर्यंत येते. आणि हे काही श्रीमंत-गरीब न बघता येत नाही. ज्याच्या घरी शंभर-दीडशेचं पाकीट आणायची सोय नाही त्याची पणती वर्गात ‘साधी’ ठरते, आणि तेव्हा शेरा मेहनतीला मिळत नाही, पाकिटाला मिळतो.

या मातीत याचं उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच दिलं गेलं आहे. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. पुढे १९४५मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, मातीचे मणी यांच्यातून मुलांचं शिक्षण उभं केलं. पैसे नव्हते म्हणून, हे खरं. पण त्यातून मुलाला वस्तूचं वजन, खरखर, गुळगुळीतपणा बोटांना कळत होता. मुलुंडच्या सोसायटीत शिंपले मिळत नाहीत, पण सुतळी मिळते, शिंप्याकडच्या चिंध्या मिळतात, नारळाच्या करवंट्या तर हव्या तेवढ्या. करवंटीला डिंकाने टिकल्या लावण्याआधी ती खापरीने घासून बघा. आतून जी तपकिरी नक्षी उगवते ती बघून मुलं टिकल्यांची पुडी विसरतात. निदान वीस मिनिटं.

आकाशकंदिलाचं राहिलं. मला विचाराल तर डिझाइन शिकायला यासारखी वस्तू नाही, आणि ती दर वर्षी आपोआप येते. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधून चौकोन करायचे, चौकोन जोडून सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, कडेला करंज्या, खाली झिरमिळ्या. माहीमच्या कंदील गल्लीत माणसं हे सगळं इतक्या वेगाने करतात की बघणाऱ्याची लय हरवते. आमच्या वर्गात एका कंदिलाला तीन शनिवार लागतात, आणि दर वर्षी एकाचा तरी सांगाडा तिरका होतो. गेल्या वर्षी एका मुलाने सगळ्या बाजूंना सोनेरी कागदाची फुलं लावली. दिवसा कंदील झळाळत होता, इतर मुलांना हेवा वाटावा असा. संध्याकाळी आत बल्ब लावला आणि सगळी फुलं काळी ठिक्कर! उजेड आरपार जात नव्हता. पोराचा चेहरा उतरला. मग त्याने स्वतःच एक फूल उपटलं. खालचा कागद फुलाच्या आकारात फाटला, आणि त्या फाटलेल्या भोकातून पांढरा उजेड भसकन बाहेर आला. पुढचा अर्धा तास तो कातरत बसला होता. काही चिकटवायचं नाही, काढून टाकायचं, ही सजावट त्याला अपघाताने सापडली. त्याच्या शाळेच्या प्रदर्शनात तो कंदील दिवसा दहा वाजता, बल्बशिवाय, ट्यूबलाइटखाली टांगला होता. नंबर आला नाही. तसा यायचं कारणही नव्हतं, कारण परीक्षकांना दिसलं ते भोकं पडलेलं कागदी खोकं.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी व्यावहारिक आहे: वस्तू वापरून मग गुण द्या. पणती पेटवा. कंदिलात दिवा लावा. पिशवीत दोन किलो कांदे घाला आणि जिना चढून या. कापडी पिशवीवर मुलांनी फुलं काढलेली असतात, आणि बंद मात्र पहिल्याच कांद्याला उसवतो. तो बंद जिथे शिवतात तिथे चौकोन करून आत फुली मारतात, ती शिवण बळकट असते. मुलांना सांगा, ती फुली रंगीत दोऱ्याने घाला, हवी तशी घाला, पण घाला तिथेच. आमच्याकडे एका मुलीने त्या चौकोनात घराची आखणी केली, दार-खिडक्यांसकट. सात किलोला टिकली.

चार्ल्स आणि रे एम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातून १९६१ साली उभी राहिली. त्यांना इथे सर्वांत आवडलेली वस्तू कुठली, तर तांब्या. लोटा. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, ओतताना पाणी कसं पडतं, आतून घासता येतो का, तापलं तर हाताला काय होतं, असे प्रश्न त्यांनी ओळीने मांडले. पवईच्या आयआयटीत १९६९पासून डिझाइनचं केंद्र आहे, तिथल्या प्रवेशपरीक्षेसाठी आता अंधेरी-दादरमध्ये महागडे क्लास चालतात, आणि सतरा-अठरा वर्षांची मुलं तिथे हेच प्रश्न विचारायला शिकतात. पाचवीत पणती रंगवताना हा प्रश्न विचारायला कुठला क्लास लागतो?

दुसरी मागणी: कुंभाराला, बुरुडाला, कंदीलवाल्याला वर्गात बोलवा आणि मानधन द्या. ‘मुलांना शिकवायची संधी’ म्हणून नव्हे. त्याचा दिवस बुडतो. शाळेच्या वार्षिक संमेलनात ध्वनियंत्रणेवर होणाऱ्या खर्चातून हे सहज निघेल.

तिसरी मागणी नाही. होती, प्रदर्शनातल्या चमकीबद्दल, पण ती लिहिताना माझ्याच कपाटातल्या सोनेरी लेसचा गुंडा आठवला. तो मी टाकलेला नाही. नवरात्रात घटाच्या परडीला लागतो. परडीच्या काठाला, जिथे बांबूची टोकं निघून हाताला लागतात, तिथे गुंडाळला की हातही वाचतो आणि परडीही दिसते. सजावटीशी माझं भांडण इतकंच आहे, की तिने आधी जागा बघून बसावं.

येत्या शनिवारी आमच्याकडे पणत्या आहेत. रंग नाहीत. कंगव्याचे तुकडे, खिळे, जुनी बटणं, लेसचेच दोन तुकडे, ओल्या मातीत दाबून उठवायला. माती कुंभारवाड्यातून आणायची आहे, दहा किलोची गोणी. आमचे ओळखीचे भाई म्हणाले, “ताई, गीली मिट्टी है, प्लास्टिक में बांध के दूंगा, सुबह जल्दी आओ.” शीवहून मुलुंडला धीम्या गाडीच्या लगेजच्या डब्यातून आणेन. मागच्या वेळी डब्यातल्या कोळणींनी आधी माझ्याकडे, मग गोणीकडे पाहिलं आणि विचारलं, “काय गं, गणपती तं गेले, आता माती कशाला?” मी म्हटलं, पोरांना पणत्या करायला. त्यातली एक टोपली सरकवून म्हणाली, “मग बस हिते. नि त्यांना सांग, बूड नीट करा. पडते मेली.”